मशीनवरचा दिवा

बेगमपुऱ्यात आम्ही राहायचो त्या माडीवर दोन खोल्या होत्या आणि दोन्ही खोल्यांत मिळून खरा उजेड एकाच जागी पडायचा, आईच्या शिलाई मशीनवर. स्वयंपाकाच्या खोलीत चाळीसचा बल्ब होता, तोही फोडणीच्या धुरानं पिवळा पडलेला. मशीनच्या वर मात्र अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुळईवरून वायर ओढून शंभरचा बल्ब टांगला होता. उजेड इकडंतिकडं सांडू नये म्हणून त्याच्यावर पत्र्याची टोपी बसवली होती, बाहेरून हिरवी, आतून पांढरी. आई बल्बला गोळा म्हणायची. तिच्या माहेरी, देवगाव रंगारीला, सगळ्याच बायका तसं म्हणायच्या. तिन्हीसांजेला बटण दाबलं की ती आधी त्या गोळ्याला हात जोडायची आणि मग देवापुढं दिवा लावायची. अण्णांना ह्याची गंमत वाटायची. देवाला दुसरा नंबर देणारी बाई आपण कुठं पाहिली नाही, असं ते म्हणायचे, आणि आई न हसता मशीनचं चाक हातानं फिरवून पायडल सुरू करायची.

त्या पायडलचा आवाज म्हणजे आमच्या घराचा आवाज. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती, त्यावर मातीचा थर, त्यामुळं मशीन चालली की अख्खी खोली बारीक थरथरायची आणि मांडणीतले पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. खाली घरमालकीण रझियाखाला राहायची. मुलगा जालन्याला नोकरीला, त्यामुळं घरात ती एकटीच. एवढ्या आवाजाचा तिला त्रास होत असेल म्हणून आईनं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, मशीन चालू असली की दुपारची झोप छान लागते, थांबली की जाग येते. संध्याकाळी आई येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड, घालून आमटी करायची तेव्हा तिचा खमंग वास जिन्यावरून खाली जायचा आणि खालाच्या घरून खिचडी आणि चिंचेचं खट्टं वर यायचं. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही हा दोघींचा नियम होता. त्यामुळं कोणती वाटी मुळात कोणाची हे पुढं पुढं कोणालाच सांगता येईना.

आईचा चष्मा जाड होता. माहेरी असताना तिला लांबचं दिसत नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लग्न होऊन ती शहरात आल्यावर अण्णांनी डोळे तपासून घेतले, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की माडीच्या खिडकीतून मागच्या डोंगरावर चरणाऱ्या शेळ्या दिसतात. शिवताना मात्र ती चष्मा कपाळावर सरकवायची. जवळचं तिला चष्म्याशिवायच स्वच्छ दिसायचं, आणि कपड्यावर नाक टेकेल इतकी वाकून ती जी हातशिलाई करायची ती उलटीकडून बघितली तरी सुलटीसारखीच असायची. माझी मोठी बहीण, ताई, लग्न होऊन फुलंब्रीला गेली तेव्हा तिच्या सासूनं म्हणे नवरीच्या आधी ब्लाउजच बघितला.

अण्णा वायरमन होते. एका कंत्राटदाराकडं काम करायचे आणि सुटीच्या दिवशी गल्लीतल्या लोकांची कामं. सायकलच्या दांडीला कापडी पिशवी, त्यात टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी. बोलणं मोजकं. काम करताना तर अजिबात नाही. पण मला आवड आहे हे बघून त्यांनी मला रीत सांगितली होती. दिवा नीट लागत नसेल तर दिव्यापासून सुरुवात करायची आणि वायर धरून मागं मागं जायचं. आधी बल्ब, मग होल्डर, मग छताजवळचा जोड, मग बटण, मग फ्यूज, मग मीटर. मधलं काही सोडायचं नाही. जो मधलं सोडतो त्याला पुन्हा शिडी लावावी लागते.

त्या वर्षी लग्नसराईला जोर होता. मी तेव्हा नववीत असेन. एका संध्याकाळी आई म्हणाली की गोळा लुकलुकतोय. आम्ही बघितलं तर खरंच, उजेड मध्येच मान टाकत होता आणि पुन्हा वर येत होता. अण्णांनी बटण बंद केलं, बल्ब गार होऊ दिला, मग काढून कानाशी हलवला. आतली तार तुटलेली असली तर ती किणकिणते. ती शाबूत होती. मग त्यांनी बल्बच्या बुडाचे दोन शिशाचे ठिपके मला दाखवले. एक ठिपका काळा पडून खळगा झाला होता. होल्डरमध्ये स्प्रिंगवर दोन पितळी पिना असतात, त्या वर येऊन ह्या ठिपक्यांना टेकतात. शंभरच्या बल्बच्या उष्णतेनं एका पिनेची स्प्रिंग मेली होती. पीन कधी टेकायची, कधी नाही, आणि टेकता टेकता ठिणगी उडून तो ठिपका जळला होता. अण्णांनी नवा होल्डर बसवला, नवा बल्ब लावला. उजेड दगडासारखा स्थिर झाला. आईनं पुन्हा हात जोडले.

मध्येच आताचं सांगते. आमच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये सुनेनं हौसेनं जुन्या धाटणीचे बल्ब लावलेत, आतली पिवळी तार दिसते तसले. त्यातला एक मध्यंतरी लुकलुकायला लागला. तिनं फोनवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि ती डोकं धरून बसली. मी म्हटलं, बंद कर, गार होऊ दे, काढ आणि बूड बघ. हे बल्ब पिळाचे, ह्यांना खाली एकच ठिपका, आणि होल्डरमध्ये पिनेऐवजी पितळेची एक पट्टी. ती पट्टी दबून खाली बसली होती. मेन स्विच बंद करून जराशी वर उचलली आणि काम झालं. तुम्हाला हे कसं माहीत, असं तिनं विचारलं. वडील वायरमन होते, एवढंच मी सांगितलं. बाकीचं सांगायला तेव्हा जमलं नाही, ते इथं लिहिते आहे.

तर उजेड स्थिर झाला, पण थोड्याच दिवसांनी आई पुन्हा म्हणाली की लुकलुकतंय. अण्णा येऊन उभे राहिले, बल्बकडं बघत. काहीच होईना. ते आत गेले की आई म्हणायची, आत्ता झालं. अण्णांनी विचार केला की हे मशीनच्या थरथरण्यामुळं होत असणार, ती पायडल मारते तेव्हाच एखादा सैल जोड हलत असणार. हे पटण्यासारखं होतं. त्यांनी छताजवळचा जोड उघडला, स्क्रू आवळले, वायरची टोकं नव्यानं सोलून पिळली. मशीनच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. डब्यांची किणकिण कमी झाली. आईचं लुकलुकणं कमी झालं नाही.

गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की सगळ्याच घरांतले दिवे क्षणभर मंद व्हायचे. अण्णांनी गिरणी बंद असताना बघायला सांगितलं. आईनं बघितलं आणि तेच सांगितलं. मग बटण बदललं. फ्यूजची तार बदलली. मीटरजवळचे जोड तपासले. शेवटी ओळखीच्या लाईनमनला चहाला बोलावून खांबावरचा जोडही बघून घेतला. तो घट्ट होता. अण्णा शिडी खांद्यावर घेऊन परत आले तेव्हा रझियाखाला जिन्यात उभी होती. तिनं सहज, प्रेमानंच विचारलं की वायरमनच्याच घरची बत्ती अजून दुरुस्त झाली नाही का. वर आल्यावर शिडी ठेवताना अण्णांनी ती जरा जोरात ठेवली.

त्या संध्याकाळी आईनं पुन्हा मान वर केली. अण्णा समोरच बसले होते.

"आता काय राह्यलं सांग," ते म्हणाले. "तारेच्या ह्या टोकापून त्या टोकापर्यंत सगळं नवं हाय. मला दिसत नाय, पोरीला दिसत नाय. तुला भास होतोय."

आईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, पुन्हा वर सरकवला. "आसंल," ती म्हणाली.

त्यानंतर दिव्याचा विषय तिनं काढला नाही. मला आज वाटतं, आमच्या घरात त्या काळात जे बिघडलं होतं ते हेच. भांडण नव्हतं. अण्णांना वाटायचं की ही मुद्दाम आपल्या कामात खोट काढते. आईला वाटायचं की आपण बोललो की ह्यांचा अपमान होतो. दोघं एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यात बोलणं बंद झालं होतं. आमटी तशीच व्हायची, अण्णा तसेच ताटावर बसायचे. पण भाकरी हवी का हेही आई माझ्याकडूनच विचारून घ्यायला लागली.

बाकीच्या गोष्टी मला दिसत होत्या, त्यांचा अर्थ लागत नव्हता. आई शिवताना मध्येच हातानं काहीतरी उडवायची, माशी उडवावी तशी. काजळी पडतेय का वरून, असं एकदा तिनं विचारलं. तिच्या उजव्या खांद्याला दाराची चौकट लागायला लागली. त्याच चौकटीतून ती इतकी वर्षं डोळे झाकून जात होती. एकदा एका नवरीच्या ब्लाउजची बाही तिनं तिरपी लावली. ज्यांचा ब्लाउज त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण आईनं सगळी शिलाई उसवली, आणि उसवताना ती कपडा डाव्या बाजूला धरून, मान वळवून बघत होती, कोंबडी दाण्याकडं बघते तशी. मला हसू आलं. तीही हसली.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. तेव्हा रोजच कधीतरी जायची, त्यात नवल नव्हतं. बाहेर अजून राखाडी उजेड होता, पण खोलीत अंधार झाला होता. अण्णा नुकतेच कामावरून येऊन जिना चढत होते. मी कंदिलाची काच पुसत होते. आई मशीनवरून उठली नव्हती. मांडीवर कपडा तसाच ठेवून ती बसली होती, आणि तिनं उजवीकडं मान वळवली.

"हे बघ," ती हळू म्हणाली. "आत्ता झालं. पुन्हा झालं."

मी म्हटलं, "आई, लाईट गेलीये."

अंधारात तिनं पुन्हा मान हलवली, एकदा इकडं, एकदा तिकडं, सावकाश, काहीतरी ताडून बघावं तशी. मग डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मंग हे काय चमकतंय? डोळे मिटले तरी चमकतंय. आन् इकडच्या अंगाला काळं आलंय, खालून वर. पडदा धरल्यावानी."

अण्णा दारात उभे होते. त्यांची पिशवी खांद्यावरून खाली आली, त्यातली पक्कड जमिनीवर वाजली. त्यांनी येऊन आईसमोर बैठक मारली, मला कंदील लावायला सांगितलं आणि तिचा डावा डोळा आपल्या तळहातानं झाकला. "माझं तोंड दिसतंय का?" अर्धं दिसतंय, आई म्हणाली, कपाळ दिसतंय, हनुवटी नाय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. खालाही बरोबर आली, कोणी बोलावलं नव्हतं तरी. बाईंनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. मोठ्या नंबरच्या माणसांत तो ताणला जातो आणि कधी फाटतो. फाटण्याआधी तो ओढला जातो तेव्हा चमक दिसते, दिवा लुकलुकल्यासारखी. मग काळे ठिपके दिसतात. मग तो सुटायला लागतो आणि तिथलं दिसणं बंद होतं. अजून मधला भाग सुटला नाही, पण उशीर करू नका. हे ऑपरेशन इथं होण्यासारखं नव्हतं, पुण्याला जावं लागणार होतं. अण्णांनी विचारलं की आधी आलो असतो तर. बाईंचा आवाज मऊ होता. त्या म्हणाल्या की चमक दिसली की माणूस आधी दिव्याकडंच बघतो, जवळजवळ सगळेच तसं करतात, आता त्याचा विचार करू नका, ह्यांचं डोकं हलणार नाही एवढं बघा.

ताईला तान्हं मूल होतं, तिला येणं शक्य नव्हतं, म्हणून मी बरोबर गेले. खालानं वाटेसाठी खिचडी बांधून दिली आणि आईच्या तोंडावरून दोनदा हात फिरवला. "पारू, फिकर नक्को करू," ती म्हणाली. "घर मैं देखती." एसटीत खिडकीची जागा मिळाली. अण्णांनी आईच्या डोक्यामागं घोंगडीची घडी ठेवली, आपला एक हात तिच्या गालाखाली दिला आणि दुसरा डोक्यावर. रस्ता तेव्हा फार खराब होता. प्रत्येक खड्ड्याला ते स्वतः आदळायचे, पण हात अलगद वर उचलायचे, दह्याचं भांडं धरल्यासारखे. नगर गेलं तरी त्यांनी हात काढले नाहीत. मी म्हटलं, थोडा वेळ मी धरते. त्यांनी ऐकलं नाही.

नगरच्या पुढं कधीतरी ते बोलले. मी पुढच्या बाकावर होते, त्यांना वाटलं मला झोप लागली आहे.

"मी पार खांबापर्यंत गेलो गं," ते म्हणाले. "तुझ्याकडं नाय वळलो."

आईनं डोळे मिटलेलेच होते. "मला तरी कुठं ठावं व्हतं? मीबी गोळाच म्हणत व्हते की."

ऑपरेशन झालं. त्या काळी नंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधायचे आणि रोग्यानं उताणं, न हलता पडून राहायचं. आईच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच येऊ द्यायचे, तरी अण्णांनी तिथल्या आयाबाईंशी काय संधान बांधलं कोण जाणे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते खाटेशेजारच्या स्टुलावर असायचे. ते आईला भरवायचे, आणि भरवताना ताटात काय आहे ते सांगायचे, नाहीतर ती तोंड उघडत नसे. तिथून ते बोलणं सुरू झालं. आधी ताटातलं, मग वॉर्डातलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला भेटायला कोण आलं, खिडकीबाहेर कसलं झाड आहे, वॉर्डातलं वायरिंग कोणी केलं असेल आणि त्यानं कुठं कुठं आळस केला आहे. ते संपलं तेव्हा मागचं. लहानपणी त्यांची आई वारल्यावर मामानं त्यांना फुलंब्रीला नेलं ते. मामाच्या घरी पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा ते घाबरून धान्याच्या कणगीमागं जाऊन बसले ते. विजेचा पहिला झटका बसला तेव्हा हात किती दिवस मुंग्या आल्यासारखा होता, आणि काम सोडायचं मनात येऊनही घरी कोणाला कसं सांगितलं नाही ते. लग्नाआधी आईला बघायला देवगावला गेले असताना तिनं चहाचा कप त्यांच्याऐवजी त्यांच्या मित्राच्या हातात दिला, आणि हिला दुसराच पसंत आहे असं समजून ते परतीच्या वाटेवर किती कष्टी झाले होते तेही. आई पट्टीखालून हसली. हलायचं नसल्यामुळं नुसते ओठ हसले. तिला दिसलंच नव्हतं कोण कुठं बसलंय, ती म्हणाली. मी पायाशी बसून ऐकायचे. त्यातलं पुष्कळ मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि आईच्या चेहऱ्यावरून दिसायचं की तिलाही.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी डावा डोळा झाकून विचारलं की समोर काय दिसतंय. आई म्हणाली की ह्यांनी दाढी केलेली नाही. डॉक्टर हसले, अण्णांनी गालावरून हात फिरवला आणि ते बाहेर निघून गेले. आयाबाई मला म्हणाल्या, त्यांना तोंड धुवायचं असेल, जाऊ दे. उजव्या डोळ्याचं सगळं दिसणं परत आलं नाही. कडेचा एक कोपरा कायमचा गेला आणि सरळ रेघ तिला मध्ये जराशी वाकडी दिसायची. डाव्या डोळ्यातला पडदाही कमजोर होता, तो डॉक्टरांनी तेव्हाच जागच्या जागी पक्का करून दिला आणि तो शेवटपर्यंत टिकला. घरी परतल्यावर काही महिन्यांनी तिनं मशीनला हात लावला. नवरीचे ब्लाउज पुन्हा घेतले नाहीत. परकर, उशांचे अभ्रे, लहान मुलांची झबली शिवायची. हातशिलाई मी शिकले, पण तिच्यासारखी उलटीकडून सुलटीसारखी मला कधी जमली नाही.

ते पुढचं. पट्टी सुटली त्या दुपारी मात्र मी तिचे केस विंचरत होते. इतके दिवस पडून त्यांचा गुंता झाला होता आणि डोकं हलू न देता सोडवायचा म्हणजे वेळ लागत होता. अण्णा गाडीच्या वेळा विचारायला स्टँडवर गेले होते. जाताना त्यांनी आईला पाणी दिलं, पांघरूण सारखं केलं, आणि येतो एवढंच म्हणून ते गेले. आई दाराकडं बघत राहिली. तिला आता दार दिसत होतं. मी विचारलं, डोळा दुखतोय का. नाही म्हणाली.

"पट्टी आजून चार दिस ऱ्हायली आसती तरी चाललं आसतं," ती म्हणाली. "आता कशाचे बोलतेत ते."